न आलेल्या गाडीचं वेळापत्रक

रेल्वे येत नाही तोवर तिचा भाव चढत राहतो आणि ती आली की दुसऱ्या दिवसापासून उतरायला लागतो, असं माझं म्हणणं आहे. ऐकायला तिरपागडं वाटेल. पण ते तपासून पाहायचं तर पुणे जिल्ह्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. भीमेच्या एका काठाला दौंड तालुका, दुसऱ्या काठाला शिरूर. दोन्हीकडे ऊस, दोन्हीकडे साखर कारखान्याचं राजकारण, कांद्याचा भाव पडला की दोन्हीकडे तीच शिवी आणि ती द्यायची पद्धतही तीच. फरक एवढाच, की दौंडला 1858 पासून रेल्वे आहे आणि शिरूरला आजतागायत नाही. शास्त्रज्ञ ज्याला तुलनात्मक प्रयोग म्हणतात तो इथे नदीच्या दोन काठांवर दीडशेहून जास्त वर्षं बिनखर्चात चालू आहे. निष्कर्ष तेवढा कुणी लिहून ठेवलेला नाही.

आधी दौंडचं पाहू. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी जून 1858 मध्ये खंडाळ्याकडून पुण्याला आली आणि त्याच वर्षी डिसेंबरात दौंड ओलांडून पार डिकसळपर्यंत गेली. म्हणजे मुंबई-ठाणे गाडीला सहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हा दौंडला गाडी होती. पुढे 1878 मध्ये मनमाडकडचा फाटा झाला, 1914 मध्ये बारामतीची छोटी गाडी आली, आणि गाव जंक्शन झालं. एवढं सगळं मिळालेल्या गावाने समाधानी असायला हवं. प्रत्यक्षात भारतभरच्या प्रवाशांना दौंड ठाऊक होतं ते अर्धवट झोपेत. मनमाडकडून पुण्याला येणारी झेलम किंवा आझाद हिंद इथे थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे, गाडी आली त्या दिशेला तोंड करून निघायची, आणि मधे जागा झालेला प्रवासी "आपण परत चाललोय का?" असं शेजाऱ्याला घाबरून विचारायचा. या अर्ध्या तासावर कितीतरी चहा खपला, किती वडापाव गेले. मग रेल्वेला वाटलं की हा वेळ वाया जातोय. वेळ वाचवायला कॉर्ड लाईन टाकली, गावाबाहेर तिचं वेगळं स्टेशन केलं, आणि कितीतरी गाड्या जंक्शनाचं तोंड न बघता बाहेरच्या बाहेर निघून जाऊ लागल्या. गाडीचा अर्धा तास वाचला. तो रात्री उतरलेल्या दौंडकराच्या खात्यात जमा झाला, कारण कॉर्ड लाईनवरून बॅगा घेऊन गावात यायला रिक्षा शोधण्यात तो खर्च होतो. शिवाय दौंड तालुका पुणे जिल्ह्यात असला तरी स्टेशन अगदी अलीकडेपर्यंत रेल्वेच्या सोलापूर विभागात होतं. दौंडचा नोकरदार रोज पश्चिमेला पुण्याला जायचा आणि त्याची तक्रार पूर्वेला सोलापूरला जायची. दोघांची भेट कशी व्हावी?

आता नव्या शहरी गाडीकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा भक्कम पुरावा तिथेच आहे. मुंबईची वीज पुण्याला 1929-30 च्या सुमारास पोचली. 1 जून 1930 ला दख्खनची राणी सुरू झाली ती विजेवरच. पुण्याहून दौंड पंचाहत्तर किलोमीटर. तिथवर तार ओढून व्हायला साधारण 2017 साल उजाडलं. हिशेब केला तर विजेने वर्षाला एक किलोमीटरही अंतर कापलेलं नाही. देहू-आळंदीहून निघालेल्या पालख्यासुद्धा पंढरपूरला पोचायला तीन आठवड्यांच्या वर घेत नाहीत. पण आली एकदाची. आणि वीज आली म्हणजे लोणावळ्याला 1978 पासून जाते तशी लोकल दौंडलाही सुटणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मार्च 2017 मध्ये, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, मोठ्या थाटात जी गाडी सुरू झाली ती डेमू होती. डेमू म्हणजे डिझेलवर चालणारी. डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टची कोरी करकरीत तार आणि तिच्याखालून धूर सोडत चाललेली नवी गाडी, असं दृश्य हडपसर ते पाटस सगळ्यांनी पाहिलं. मुहूर्ताच्या दिवशी मुळात वीजच प्रमुख पाहुणी होती, आणि तिला व्यासपीठावर बसवून कार्यक्रम दुसऱ्याच्या हस्ते उरकला.

यामागे कारण नव्हतं असं नाही. लोकलला उंच फलाट लागतो, साधारण 760 ते 840 मिलिमीटरचा, कारण तिच्या दारात पायऱ्या नसतात. या मार्गावरचे फलाट जुन्या पॅसेंजरच्या मापाचे, बुटके. डेमूला पायऱ्या असतात, म्हणून ती चालली. पुढे बारामतीच्या फाट्यावर तार नव्हती, तिथेही डिझेलच उपयोगी. तांत्रिकदृष्ट्या सगळं बरोबर. पण विजेची तार आकाशात चढवताना तिच्या बरोबर खाली असलेला फलाट किती उंच आहे हे कुणालाच दिसलं नसेल, यावर विश्वास ठेवायला मन धजत नाही. खुटबाव किंवा कडेठाणसारख्या छोट्या स्टेशनावर गाडीत चढणं ही एक स्वतंत्र कला आहे. एका हाताने दाराची दांडी धरायची, दुसऱ्या हातातली पिशवी आधी आत ढकलायची, पदर किंवा धोतराचा सोगा दातात नाहीतर कमरेला, मग पहिल्या पायरीवर पाय, आणि त्याच वेळी आतून उतरणाऱ्याला "थांबा की ओ, चढू तर द्या" असं सुनवायचं. गाडी मिनिटभर थांबते. या मिनिटात मागच्या आजीबाईंना वर ओढून घ्यायला दोन हात आतून आपोआप पुढे येतात, पैकी एक बहुतेक तिकीट न काढलेल्या पोराचा असतो. हे सगळं 1858 पासून जसंच्या तसं चालू होतं. 2017 मध्ये फक्त डब्याचा रंग नवा झाला.

आणि तोही किती दिवस नवा? नव्या गाडीच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ म्हणजे इंजिनाला हार घातल्यापासून पहिल्या सिग्नलला थांबेपर्यंतचा. पुण्यात शिरायला फलाट मोकळा नाही म्हणून घोरपडीच्या अलीकडे गाडी उभी राहिली, की पासधारक तिला जुन्या गाडीच्याच नावाने हाक मारायला लागतो. आठवड्यात जागा ठरतात. यवतचा ग्रुप इंजिनापासून तिसरा डबा, केडगावचा चौथा, पत्ते चौथ्यात, भजन तिसऱ्यात. रुमाल टाकून धरलेली खिडकी ही सातबाऱ्यावर नाव लागल्यापेक्षा पक्की मानली जाते. एक्स्प्रेसला पुढे काढायला आपली गाडी लूपला घेतली, की नव्या गाडीचा उरलासुरला मानही गेला. पुढे कोरोनाच्या काळानंतर तर देशभरातल्या पॅसेंजरांच्या नंबराआधी शून्य आलं, त्या स्पेशल झाल्या, आणि दहा रुपयांचं किमान तिकीट तीस झालं. डबे तेच, थांबे तेच, वेग तोच. 2024 च्या सुरुवातीला तीसचे पुन्हा दहा झाले, तेव्हा पेपरात दर कमी झाल्याची आनंदाची बातमी आली. सुरू झालेल्या गाडीच्या वाट्याला येतं ते हे असं. ती काही करो, कौतुक संपलेलं असतं.

आता नदी ओलांडून शिरूरला या. शिरूर तालुक्यात एक रूळ नाही, एक फाटक नाही, एक स्टेशन मास्तर नाही. रांजणगावला एमआयडीसी आहे, सणसवाडी-शिक्रापूरला कारखाने आहेत, अष्टविनायकातला महागणपती आहे, आणि या सगळ्यांना पुण्याशी जोडणारा नगर रोड आहे. नगर रोडबद्दल एवढंच सांगितलं तरी पुरे, की शिरूरहून पुण्याला निघालेला माणूस पोचायची वेळ घरी सांगत नाही. "वाघोली सुटली की फोन करतो," असं म्हणतो. गाडी पकडायची तर त्याला न्हावऱ्यावरून केडगाव-चौफुला गाठावं लागतं, नाहीतर दौंड, नाहीतर नगर. आणि पुणे ते नगर सडकेने सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेलं अंतर रेल्वेने दौंडला वळसा घालून दीडशेच्या वर जातं. या वळशाच्या पोटात नेमका शिरूर तालुका बसला आहे. रेल्वेने त्याला तिन्ही बाजूंनी लांबून घेरलं आणि हात लावला नाही.

तरीसुद्धा, आणि इथे माझा मुद्दा सुरू होतो, रेल्वे या शब्दाचा जेवढा उपयोग शिरूरने करून घेतला तेवढा दौंडला साधला नाही. नगर रोडच्या कडेने रांजणगाव-शिरूर करत जाणारा सरळ मार्ग व्हावा ही मागणी जुनी आहे, आणि आराखड्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या आल्या की सगळ्यात आधी हलतात ते फलक. एन.ए. बंगलो प्लॉट, कंपाउंड, गेट, चोवीस तास पाणी, साइट व्हिजिटला गाडी फुकट, आणि तळाशी ठळक अक्षरात "नियोजित रेल्वे स्टेशनपासून दहा मिनिटांवर". जे स्टेशन कुठे होणार हे रेल्वेला अजून ठरवायचं आहे, त्याच्यापासूनचं अंतर इथे मिनिटांत मोजून तयार असतं. आपल्याकडे बाजारात तुरी असताना भट भटणीला मारतो. इथे तर भटाने तुरीच्या जोरावर गुंठे विकले. 2025 मध्ये मेट्रो रामवाडीवरून वाघोलीकडे न्यायला केंद्राची मंजुरी मिळाली, तेव्हा वाघोलीच्या पुढच्या गावांनीही ती आपल्या फलकावर ओढून घेतली. मंजूर झालेली मेट्रो बांधून झालेल्या मेट्रोपेक्षा लवचीक असते. ती कुठवरही जाते.

निवडणुकीत तर न आलेल्या गाडीला तोड नाही. शिरूर लोकसभा मतदारसंघ 2009 पासून अस्तित्वात आहे आणि पुणे-नाशिक रेल्वे त्याच्या प्रचारात कायमची मुक्कामाला आहे. दोनदा निवडून आलेले शिवाजीराव आढळराव पाटील तिच्यासाठी झटले, पुढे दोनदा निवडून आलेले अमोल कोल्हेही झटले. आधी साधी, मग सेमी हायस्पीड, सुमारे 235 किलोमीटर, ताशी दोनशेचा वेग, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव. यात एक बारीकशी गंमत अशी, की शिरूरच्या नावाने लढवलेल्या निवडणुकांत गाजलेली ही गाडी मूळ आखणीत शिरूर गावाला जात नव्हतीच. त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. मग आडवी आली खोडदची दुर्बीण. नारायणगावजवळच्या या महाकाय दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत, प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या, आणि त्या अंतराळातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संदेश टिपतात. विजेवरची गाडी जवळून गेली तर तिच्या खरखरीत हे संदेश बुडतील, असा शास्त्रज्ञांचा रास्त आक्षेप. मार्ग वळवायचं घाटू लागलं, कुणी शिर्डीवरून म्हटलं, कुणी अहिल्यानगरवरून. दौंडची गाडी रोज धावते तरी पुण्याच्या फलाटाला तिची चाहूल लागत नाही. इकडे न सुटलेल्या गाडीच्या आवाजाचा त्रास थेट दूरच्या आकाशगंगा ऐकणाऱ्या यंत्राला होऊ घातला होता. प्रभाव म्हणतात तो हा.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. रेल्वेचं काम माणसं वाहून नेणं, आणि ते दौंडची गाडी करते, शिरूरची करत नाही. मान्य. पण रेल्वेकडून आपण फक्त वाहतूक मागतो का, हे तपासून पाहा. मार्गाचं सर्वेक्षण, त्याचं निवेदन, निवेदनाचा फोटो, मंजुरी, मंजुरीचं श्रेय, श्रेयावरून वाद, भूमिपूजन, जमिनीचा मोबदला, मोबदल्यावरून आंदोलन, उद्घाटन, उद्घाटनाच्या पत्रिकेत नाव न छापल्याचा निषेध, एवढं सगळं आपण मागतो, आणि वाहतूक यादीत शेवटी येते. शिरूरला शेवटचं सोडून बरंच काही अंगावर पडलं आहे. दौंडला शेवटचंच तेवढं उरलं.

दुसरा आक्षेप अधिक चिवट आहे. तो असा, की माणसाचा स्वभावच नव्या वस्तूला विटण्याचा, त्यात रेल्वेचा काय दोष? पुण्याची मेट्रो 6 मार्च 2022 ला सुरू झाली, तेव्हा वनाज ते गरवारे कॉलेज एवढ्याशा टप्प्यात लोक आजी-आजोबा आणि डबा घेऊन नुसते फिरायला गेले. आज तिच्यात कुणी मान वर करून बघत नाही. मग दौंडच्या डेमूचं वेगळं काय? वेगळं हे, की मेट्रो जशी ठरली होती तशी तरी आली. दौंडला मागितलं होतं एक, मिळालं दुसरं, आणि मागितलेलं मागायचं राहून गेलं नाही. उपनगरीय दर्जा द्या, लोणावळ्यासारखी लोकल द्या, फलाट उंच करा, अशी निवेदनं गाडी सुरू झाल्यावर कमी झाली नाहीत, वाढलीच. म्हणजे दारात गाडी उभी असताना दौंडकरांचं लक्ष न आलेल्या गाडीकडेच होतं. माझ्या म्हणण्याला यापेक्षा चांगला साक्षीदार विरोधी पक्षातूनही मिळाला नसता.

तिसरा आक्षेप मात्र मला नीट मोडून काढता येत नाही. केडगावचा पासधारक सकाळच्या गाडीने पुण्याला जातो, संध्याकाळी येतो, आणि महिन्याच्या पासाला त्याला जे पैसे पडतात त्यात शिरूरच्या मोटारसायकलवाल्याचं आठवड्याचं पेट्रोल होणार नाही. तो उशिरा पोचतो, लूपला अडकतो, शिव्या घालतो, पण पाठीचे मणके शाबूत ठेवून घरी येतो. रांजणगावचा कामगार नगर रोडवर ट्रकांच्या मधून वाट काढत असतो. नियोजित स्टेशनापासूनच्या दहा मिनिटांचा त्याला काडीचा उपयोग नाही. तिसऱ्या डब्यातलं भजन, चौथ्यातले पत्ते, खिडकीतला भाजीचा सौदा, हे काही कुठल्या आराखड्यात नसतं आणि कुठल्या पत्रिकेत छापत नाहीत. न आलेली गाडी याबाबतीत फार तोकडी पडते हे कबूल करायला हवं. एवढंच म्हणतो, की उद्घाटनाला हा पासधारक कधी दिसत नाही. कार्यक्रम अकराचा असतो आणि तो सकाळच्या गाडीने गेलेला असतो.

म्हणून शिरूरला गाडी द्यायचीच असेल तर दौंडच्या अनुभवातून एक सुधारणा सुचवावीशी वाटते. दौंडला आधी तार दिली, मग गाडी दिली, फलाटाचं नंतर बघू म्हटलं. शिरूरला उलटं करावं. आधी नुसता फलाट बांधावा, चांगला 840 मिलिमीटरचा, वर पत्रा, कडेला पाण्याची टाकी, एक घड्याळ. रूळ सावकाश येतील. फलाट झाला की चहाची टपरी आठवड्यात लागेल, पंधरवड्यात प्रवासी संघ निघेल, महिन्यात त्याच्या अध्यक्षपदावरून दोन गट पडतील. एक गट झेलमला शिरूरला थांबा मागेल, दुसरा सेमी हायस्पीडला, आणि गाडी शिरूरला थांबते तर न्हावऱ्याने काय घोडं मारलंय म्हणून तिसरं निवेदन तिथून येईल.